हात ताणला तर गोळा किती लांब जाईल?

सचिन खिलारी आमच्या सांगली जिल्ह्याचे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक आणलं, तेव्हापासून आमच्या मैदानावरचं गोळाफेकीचं वर्तुळ पुसलं जात नाही. दहावीतली एक मुलगी तिथे रोज सराव करते. एकदा तासाला तिने विचारलं, "सर, खेळाचे सर म्हणतात, हात पूर्ण ताणून सोड. त्याने असा कितीसा फरक पडतो?"

वर्गसमीकरणं नुकतीच शिकवून झाली होती. म्हटलं, चल, काढूया.

आधी वेगाचे दोन भाग करायचे: एक पुढचा, एक वरचा. तिच्यासाठी दोन्ही सेकंदाला ६ मीटर धरले. पुढचा वेग तसाच राहतो, कारण जड गोळ्याला हवेचा अडथळा नगण्य. वरचा मात्र गुरुत्वामुळे बदलत जातो. गुरुत्व त्वरण ९.८, सोयीसाठी १० घ्या; सूत्रात त्याचं निम्मं येतं, म्हणून ५. हात ताणून गोळा १.६ मीटरवरून सुटला आणि क्ष सेकंद झाले, तर

उंची = १.६ + ६क्ष − ५क्ष²

हा सुरुवातीचा १.६ मुलं हमखास विसरतात. गोळा जमिनीतून उगवत नाही, हातातून सुटतो!

जमिनीवर पडला म्हणजे उंची शून्य:

५क्ष² − ६क्ष − १.६ = ०

अवयव सहज पडत नाहीत, सूत्र पद्धत वापरा. विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) ३६ + ३२ = ६८, त्याचं वर्गमूळ साधारण ८.२५. मुळं, म्हणजे क्षच्या दोन किमती, येतात साधारण १.४२५ आणि −०.२२५. गोळा १.४२५ सेकंदांनी पडतो. तेवढ्या वेळात पुढे ६ × १.४२५, म्हणजे सुमारे ८.५५ मीटर.

ऋण मूळ दिसलं की मुलं लगेच काट मारतात. मला ते मूळ फार आवडतं, म्हणून थांबवतो. गोळ्याची वाट मागे जमिनीपर्यंत वाढवली, तर ती हातातून सुटण्याच्या ०.२२५ सेकंद आधी जमिनीला टेकते. दोन्ही मुळांची बेरीज १.२, निम्मे ०.६. बरोबर त्याच क्षणी गोळा सर्वांत वर असतो! क्ष = ०.६ ठेवा: १.६ + ३.६ − १.८ = ३.४ मीटर. दोन मुळांचा मध्य आणि शिखराची वेळ जुळली नाही, तर आकडेमोड कुठेतरी चुकली आहे.

आता तिचा प्रश्न. हात आखडून गोळा १.३ मीटरवरून सुटला, बाकी सगळं तेच. विवेचक ३६ + २६ = ६२, वर्गमूळ ७.८७, वेळ १.३८७ सेकंद, अंतर सुमारे ८.३२ मीटर.

फरक साधारण २२-२३ सेंटीमीटरांचा. तिने बाकावर वीत पसरून पाहिली आणि म्हणाली, "एवढ्यात तर नंबर जातो, सर."