ओढ्याकाठची पायवाट आखताना

ओढ्याकाठी वाट करायची तर पहिला फेरा ऑगस्टमध्ये मारा, गमबूट घालून. उन्हाळ्यात नाशिकचा कुठलाही ओढा गरीब दिसतो आणि माणूस फसतो. आम्ही फसलो होतो. नासर्डीला (कागदोपत्री नंदिनी) मिळणाऱ्या आमच्या कॉलनीमागच्या ओढ्यावर मे महिन्यात पाण्याला खेटून पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक झाला. पहिल्याच मोठ्या पुरात निम्मे ब्लॉक वाहून गेले. त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. पण ट्रॅकसाठी काठाला दगडी पिचिंग (दगड बसवून केलेलं अस्तर) केलं, त्यात मातीच्या उभ्या दरडीतली खंड्याची बिळं बुजली, ते अजून सलतं.

दुसऱ्या वेळी आखणी माझ्याकडे आली. पूर ओसरल्यावर करंजाच्या फांद्यांना अडकलेल्या पिशव्या आणि काडीकचरा बघत फिरलो. पाणी कुठवर चढलं ते त्यावरून कळतं. तिथे खोडावर ऑइल पेंटचा ठिपका द्यायचा. मोठ्या नदीला नकाशावर निळी पूररेषा असते (25 वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल (100 वर्षांतून एकदा). आपल्या ओढ्याला हे ठिपकेच. वाट त्यांच्या वर.

मग वाट कुठून न्यायची नाही ते ठरवा. उरलेली दरड, पाणकणसाचं बेट, जुना उंबर, यांना लांबून फक्की मारून घ्या आणि त्या रेषेच्या आत पाऊल नको. मीटिंगमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं, "अहो, पण पाणी दिसायला हवं ना!" दिसू दे, पण दोनच ठिकाणी, जिथे मुळातच काळा खडक उघडा आहे. तिथे वाट वळवून खाली आणायची. बाकी सगळी झाडांच्या मागून. पाण्याचा आवाज येतोच.

रुंदी दीड मीटर बास. दोघं गप्पा मारत जातात, समोरून कुणी आलं तर एक जण मागे होतो. मोटारसायकली घुसतात, म्हणून दोन्ही तोंडांना नागमोडी कठडा. वर मुरूम, दहा सेंटिमीटर, पाणी मारून हातरोलर फिरवलेला. ढाळ मीटरला दोन सेंटिमीटर, ओढ्याकडे. कडेला गटार काढू नका, पाणी गवतात सोडा. गाळ तिथेच बसतो. ओघळ आडवा आला तर पाइप टाकायचा मोह होईल. पाइप पहिल्याच पावसात प्लास्टिकने तुंबतो. दगडी फरशी करा, पाणी वरून जाऊ दे. तेवढे दोन तास कुणी फिरायला येत नाही.

दिवे फक्त तोंडाशी, पिवळे, गुडघ्याएवढे.

घाणेरी काढा, पण तुकड्यातुकड्याने, आणि मोकळ्या जागी लगेच करंज, जांभूळ, वाळुंज लावा. एकदम उपटली तर माती सुटते.

बाकाला पाठ हवीच, आमच्याकडचे आजोबा त्यावर अडून बसले होते. आणि तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवा. खंड्या बहुतेक तिकडूनच येतो.