वन्यजीव व्यवस्थापनाचं कॉलेज निवडताना

माहितीपत्रकावरचा वाघाचा फोटो सोडा. मी सगळ्यात आधी अभ्यासक्रमात संख्याशास्त्र शोधते, कारण या कामातला मूळ प्रश्न असतो: प्राणी किती आहेत? समजा, ५० प्राणी पकडून खुणा करून सोडले. नंतर ४० पकडले, त्यांत १० खुणेचे निघाले, म्हणजे दर चारांत एक; मग खुणेचे ५० हे एकूण प्राण्यांच्या चौथा हिस्सा धरले, तर अंदाज येतो २००. गणित सोपं आहे. पण काही खुणा गळून पडल्या तर हाच आकडा फुगतो. तो का फुगतो, हे शिकवणारा शिक्षक हवा.

मग विचारा, क्षेत्रकार्य किती आठवडे आणि कुठल्या ऋतूंत? चार दिवसांची सहल म्हणजे क्षेत्रकार्य नव्हे. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, विद्यार्थी स्वतः लावतात, की नुसते फोटो मोजतात? जीआयएस (संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळणं), कायदा आणि वनस्पतींची ओळख हवीच. वनस्पती मुद्दाम म्हणते. अधिवास कळला नाही तर व्यवस्थापन कशाचं करणार?

शेवटच्या वर्षाच्या मुलांशी, शिक्षक आसपास नसताना, निवांत बोला. माझ्या कॉलेजात रेडिओ कॉलर, म्हणजे प्राण्याचा माग काढायला त्याच्या गळ्यात बांधायचा सिग्नल देणारा पट्टा, काचेच्या कपाटात होती. तिचा सिग्नल मी पहिल्यांदा ऐकला तो नोकरीत. म्हणून उपकरणं विद्यार्थ्यांच्या हाती कधी येतात, हे नक्की विचारा.