मोजक्या भांड्यांचे स्वयंपाकघर: गोव्यात या चुका टाळा

स्वयंपाकघर आटोपशीर ठेवायचे ठरवले की पहिली चूक यादीतच होते. 'दहा आवश्यक वस्तूं'च्या तयार यादीत टोस्टर असतो, ओव्हन असतो. नारळ कशावर खवायचा ते नसते. गोव्यातल्या घरात रोज हुमण (नारळाच्या वाटणातली मासळीची आमटी), उकड्या तांदळांचा भात, एखादी भाजी आणि तव्यावरची मासळी होते. वाटणे, उकडणे, चिरणे, तळणे ही चार कामे ज्यांनी नीट होतील तेवढ्याच वस्तू घ्या, पण त्या दमाच्या घ्या. शिवाय जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की पत्रा, स्वस्त लोखंड आणि पोकळ लाकूड एका पावसात ओळखू येत नाही.

मिक्सरमध्ये काटकसर

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. जागा कमी म्हणून ३००-४०० वॅटचा छोटा ब्लेंडर आणला जातो. फळांचा रस त्यात होतो; ओले खोबरे, भिजवलेल्या मिरच्या आणि धणे रोज वाटायला घातले की मोटर तापते, जळका वास येतो आणि वाटण भरडच राहते. भरड वाटणाचे हुमण चोथापाणी होते. ७५० वॅटचा मिक्सर घ्या. स्टीलची दोन भांडी, एक चटणीचे आणि एक साधारण एक लिटरचे, एवढ्यावर घर चालते. ज्यूसरची जोडणी नको.

खोबरे बारीक होत नसेल तर दोष बहुधा पाण्याचा असतो. सुरुवातीलाच भरपूर पाणी ओतले की खोबऱ्याचे कण पात्याभोवती नुसते फिरत राहतात. अगदीच कमी घातले तर वाटण कडेला चिकटते आणि पाते पोकळीत फिरते. मिरच्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटे भिजवा. आधी धणे आणि मिरच्या फिरवा, मग खोबरे आणि पाव वाटी पाणी घाला. पुढचे पाणी दोन-दोन चमचे. भांडे अर्ध्याच्या थोडे वर, त्याहून जास्त भरू नका. मिनिटभर फिरवून थांबवा, कडा खाली ओढा, पुन्हा फिरवा.

मिक्सर मध्येच बंद पडला तर तो लगेच दुरुस्तीला नेऊ नका. बटण शून्यावर आणा, प्लग काढा, वाटण थोडे कमी करा, पाच-दहा मिनिटे थांबा आणि तळाशी असलेले लाल बटण दाबा. जास्त भार पडला की मोटर वाचवण्यासाठी ते सुटते. वाटण कमी असूनही ते पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर भांडे उलटे धरून खालचा कपलर (मोटरची गती पात्याला देणारी चकती) हाताने फिरवून बघा. तो अडखळत असेल तर बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) आवळला आहे. भांड्याखाली काळपट ओघळ दिसला तर बुशचे सील गेले आहे. ते पाणी मोटरमध्ये उतरण्याआधी बदला. म्हणूनच घेताना रंगापेक्षा एक गोष्ट विचारा: याचा कपलर आणि बुश म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या बाजारात मिळतो का?

आदोळी अडगळीत टाकणे

जुनी वस्तू म्हणून आदोळी, म्हणजे खोवणी असलेली बसून वापरायची विळी, माळ्यावर जाते आणि तिच्या जागी चॉपर, खोवणी, मासळीची सुरी अशा तीन वस्तू येतात. एकटी आदोळी नारळ खवते, भाजी चिरते, मासळीही कापते. गंज येतो तो धुऊन ओली ठेवल्याने. पाते पुसा, खोबरेल तेलाचा हात फिरवा, पाते आत मिटून भिंतीकडे ठेवा. खाली बसणे जमत नसेल तर ओट्यावर घट्ट बसणारी हाताने फिरवायची खोवणी आणि आठ इंची स्टीलची सुरी, बस. लाकडी फळी धुतल्यावर उभी ठेवा. आडवी ठेवलेली फळी पावसात बुरशी धरते. मासळीची फळी वेगळीच हवी.

धातू न बघता भांडे

सोलां (आमसुले), चिंच, आंबाड्यांचे आंबट ॲल्युमिनियमच्या किंवा बिडाच्या भांड्यात शिजवू नका. आम्ल धातूला खाते, रस्सा काळवंडतो आणि चवीला धातूची छटा येते. हुमणाला जाड बुडाचे स्टील किंवा मातीचे कुंडले. नवे कुंडले रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, वाळवा आणि पहिल्यांदा त्यात मंद आचेवर पेज शिजवा. रिकामे आचेवर ठेवले किंवा गरम असताना गार पाणी ओतले की ते तडकते. साबण नको, माती तो शोषून घेते.

बिडाचा तवा मात्र जरूर घ्या. पोळे (तांदळाचे घावन) आणि रव्यात घोळवलेली मासळी दोन्ही त्यावर होतात. पावसात तो धुऊन नुसता पुसणे पुरत नाही. दोन मिनिटे आचेवर कोरडा करा, मग तेलाचे चार थेंब चोळून जास्तीचे पुसून काढा. तवा चिकट लागत असेल तर तेल जास्त झाले आहे.

कुकरवर सगळे सोपवणे

तीन-चार माणसांना तीन लिटरचा, आयएसआय चिन्हाचा कुकर पुरतो. डाळ-तांदूळ फेसाळतात, म्हणून अर्ध्याहून जास्त भरू नका; फेस वाफेच्या नळीत अडकतो. उकडे तांदूळ मात्र मोठ्या टोपात भरपूर पाण्यात शिजवावेत. वेळ जास्त लागतो, पण शिजले कळते आणि पेजही मिळते. शिट्टीआधीच कडेने वाफ सुटत असेल तर गॅस्केट (झाकणातली रबरी कडी) कडक झाली आहे, ती बदला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचाच बसवा.

इंडक्शन आणि साधा प्लग

सिलिंडर संपेल तेव्हासाठी इंडक्शन ठेवणे योग्य. पण २,००० वॅटला साधारण ९ अँपिअर वीज लागते. ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती जोडली की प्लग तापून वितळू शकतो. १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा. भांडी घेण्याआधी तळाला चुंबक लावून बघा: चिकटले तर चालेल, कुंडले आणि साधे ॲल्युमिनियम चालणार नाही. विजा चमकायला लागल्या की इंडक्शन आणि मिक्सर दोन्हींचे प्लग काढून ठेवा. पावसात मुंग्या आणि झुरळे उबेला इंडक्शनच्या खालच्या जाळीतून आत शिरतात, म्हणून वापर नसेल तेव्हा ती सुती कापडात गुंडाळून फळीवर उभी ठेवा.