निकाल शंभर टक्के, पण आठवीतली पोरं दहावीपर्यंत पोहोचली किती? हायस्कूल निवडताना या चुका टाळा

नागपुरात चौथी, सातवी किंवा आठवीपर्यंतच्याच शाळा भरपूर आहेत. त्यामुळे हायस्कूल शोधायची वेळ बहुतेक घरांवर एकदा तरी येते. आमच्या घरी ती तीनदा आली: माझी मुलगी, दिराचा मुलगा आणि बहिणीचा मुलगा. महाल, रेशीमबाग, मानेवाडा, जरीपटका, जिथे कोणी नाव सुचवलं तिथे मी जाऊन आले. पहिल्या वेळी जवळपास सगळ्याच चुका केल्या. त्यातली एक भाच्याला फार महाग पडली, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

चूक पहिली: फ्लेक्सवरचा निकाल पाहून ठरवणं

"सलग सहाव्या वर्षी 100 टक्के निकाल" असं त्या शाळेच्या फाटकावर लिहिलं होतं. खाली वीसेक मुलांचे फोटो. बहिणीने दुसरं काही विचारलंच नाही. भाचा आठवीत गेला, अभ्यासात मधला. नववीच्या एप्रिलमध्ये तिला शाळेत बोलावलं आणि सांगितलं, "ताई, याचं दहावीला जमणार नाही. आम्ही नापास दाखवत नाही, दाखला देतो. तुम्ही 17 नंबरचा फॉर्म भरा, घरून परीक्षा देईल." त्याच्या वर्गातल्या आणखी काही मुलांच्या आईवडिलांनाही त्याच आठवड्यात हेच सांगितलं होतं.

तेव्हा मला तो 100 टक्क्यांचा हिशेब कळला. टक्केवारी दहावीला बसलेल्या मुलांवर निघते. जे नववीतच बाहेर गेले, ते त्या हिशेबात येतच नाहीत.

17 नंबरचा फॉर्म वाईट नाही. शाळा सुटलेल्या, कामाला लागलेल्या, लग्न होऊन गेलेल्या कितीतरी जणांनी त्यावरच दहावी केली आहे; किमान पाचवी पास आणि 14 वर्षं पूर्ण असली की खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. पण वर्गात रोज येणाऱ्या 14-15 वर्षांच्या मुलाला शाळेने स्वतःचा निकाल सांभाळण्यासाठी त्या वाटेने पाठवणं, याचा मला आजही राग आहे. त्या वयात मुलगा एवढंच समजतो की आपण नको आहोत.

मग काय पाहायचं? दहावीच्या टक्क्यांआधी पटसंख्या पाहा. प्रत्येक शाळेला सरकारी नोंदीचा 11 अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' मध्ये तो टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडतं आणि त्यात वर्गनिहाय विद्यार्थीसंख्या असते. एकच तुकडी वर्षागणिक पुढे सरकताना बघायची. समजा एका वर्षी आठवीत 84 मुलं होती, पुढच्या वर्षी नववीत 81 आणि त्याच्या पुढच्या वर्षी दहावीत 58. आता ती 23 मुलं कुठे गेली हे मुख्याध्यापकांना विचारायचं. कारणं खरीही असतात, वडिलांची बदली, घर बदललं, गावाकडे परत गेले. पण दरवर्षी नववी ते दहावीच्या मध्येच वीस-पंचवीस मुलं गळत असतील, तर ते बदल्यांमुळे नाही. नववीत बाहेरून नवीन मुलं घेतली असतील तर ही गळती आकड्यात झाकली जाते, म्हणून "नववीत यंदा नवे प्रवेश किती?" हेही विचारा.

दुसरी गोष्ट, निकालपत्रकात फक्त पास-नापास नसतं. नोंदणी किती, बसले किती, प्रावीण्य श्रेणी (75 आणि पुढे), प्रथम श्रेणी (60 पासून), द्वितीय श्रेणी (45 पासून) आणि नुसते उत्तीर्ण किती, असे रकाने असतात. हे पत्रक शाळेच्या कार्यालयात असतंच. मागा. दाखवायला कचरत असतील तर त्यातूनही बरंच कळतं. मी पाहिलेल्या दोन शाळांचे टक्के जवळपास सारखे होते. पण एकीत मधली मुलं प्रथम श्रेणीत होती आणि दुसरीत निम्मी पोरं 35 ते 45 च्या मध्ये कशीबशी काठावर.

फोटोतल्या पहिल्या मुलीचे गुण बघून भारावून जाऊ नका. दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर, 500 पैकी निघते. त्यात चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे आणि खेळाचे वाढीव गुण मिळू शकतात. म्हणून काही मुलांना पूर्ण 100 टक्केही पडतात. त्या मुलीच्या मेहनतीला तोड नाही. पण तोच फोटो चौकातल्या क्लासच्या फ्लेक्सवरही असतो, तेव्हा तिला कोणी शिकवलं हे फोटोवरून सांगता येत नाही.

चूक दुसरी: वेगवेगळ्या वर्षांचे टक्के एकमेकांशी जोडणं

"आमचा निकाल पाच वर्षांत एवढा वाढला" असं सांगणारा आलेख एका शाळेत भिंतीवर लावला होता. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत (शाळेनेच द्यायचे) गुण काढले होते. राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला आणि नागपूर विभागाचा 67.27 वर. 2020 मध्ये अंतर्गत गुण परत आले, शिवाय कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले, राज्य 95.30, नागपूर विभाग 93.84. 2021 मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही, निकाल लागला 99.95 टक्के. या चढणीत शाळेचं काहीच कर्तृत्व नाही. तुलना करायची तर त्याच वर्षीच्या विभागाच्या निकालाशी करा.

चूक तिसरी: पाटी नीट न वाचणं

पाटीवर 'अनुदानित', 'विनाअनुदानित', 'स्वयंअर्थसहाय्यित' यातलं काय आहे ते वाचा, नसेल तर विचारा. फरक नुसता फीचा नाही. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000 मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. ही शिष्यवृत्ती फक्त शासकीय, महापालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना. आमच्या गल्लीतल्या एका हुशार मुलीला सातवीनंतर "भारी" वाटलेल्या विनाअनुदानित शाळेत टाकलं. वडील ऑटो चालवतात. तिचा तो हक्क प्रवेशाच्या दिवशीच गेला आणि घरात कोणाला कळलंही नाही.

शाळा खासगी असेल तर फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर व्हायला हवी; 2011 चा फी नियमनाचा कायदा तेच सांगतो. समितीवर कोण पालक आहेत, त्यांच्यापैकी एकाशी बोलून घ्या.

'सीबीएसई पॅटर्न' हे शब्द दिसले की थांबा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. एकच प्रश्न विचारा: "दहावीच्या गुणपत्रिकेवर कोणत्या मंडळाचं आणि कोणत्या शाळेचं नाव येईल?" आठवीपर्यंतच मान्यता असलेली शाळा नववी-दहावीची मुलं दुसऱ्याच शाळेच्या नावावर बसवते, असंही होतं. उत्तरात अडखळले तर मान्यतेचं पत्र पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

चूक चौथी: रिकामी शाळा बघून येणं

रविवारी किंवा सुटीत गेलं की सगळीच शाळा नीटनेटकी दिसते. जायचं ते चालू शाळेत, आणि जमलं तर मार्च-एप्रिलच्या दुपारी. आपल्याकडे ऊन असं की राज्यात इतरत्र जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा विदर्भातल्या त्यानंतर उघडतात. टिनाच्या छताखाली दुपारच्या पाळीत पन्नास पोरं कशी बसतात ते त्याच वेळी कळतं. पंखे चालू आहेत का, पिण्याच्या पाण्याच्या नळाला पाणी आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का. मुलगी असेल तर हे शेवटचं आधी बघा. कडी नसली की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. माझ्या मुलीने आधीच्या शाळेत दोन वर्षं तेच केलं आणि मला ते उशिरा कळलं.

एका शाळेत शिपाईभाऊंनी मला मधल्या सुटीपर्यंत बाकावर बसू दिलं. "बसा जी ताई, पोट्ट्यायले पायल्यावर सम्दं समजते," म्हणाले. खरंच समजलं. तास संपला, पुढचे सर आले नाहीत. दहा मिनिटं, वीस मिनिटं. कोणी विचारायलाही आलं नाही.

प्रयोगशाळा बघायला सांगितली तर कुलूप उघडून दाखवतील. त्यापेक्षा दहावीतल्या एखाद्या मुलाची विज्ञानाची प्रयोगवही बघा. मी एक पाहिली: सगळे प्रयोग एकाच शाईत, आकृत्या सुरेख, आणि प्रत्येक पानावर सरांची सही एकाच तारखेची, फेब्रुवारीतली. म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर वही पूर्ण करून घेतली. दुसऱ्या शाळेतल्या मुलीची वही मळकी होती, एका पानावर कसलातरी डाग पडून कागद पिवळा झाला होता, सह्या जुलैपासून वेगवेगळ्या तारखांच्या, आणि एका ठिकाणी लाल शाईत "निरीक्षण चुकले, पुन्हा कर". दिराच्या मुलाला आम्ही तिथे घातलं.

चूक पाचवी: गणिताला कोण आहे हे न विचारणं

"आमचा स्टाफ अनुभवी आहे" याला काही अर्थ नाही. नववीला गणित कोण शिकवतं, ते कायम आहेत की घड्याळी तासिकेवर (तासाप्रमाणे मानधनावर), आणि गेल्या वर्षी तोच विषय कोणाकडे होता, हे तीन प्रश्न विचारा. संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांच्या पदांच्या सरकारी मंजुरीत, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांना तोंडपाठ असतं. प्रामाणिक मुख्याध्यापक सांगतात, "मॅडम, विज्ञानाची एक जागा रिकामी आहे, आम्ही असं भागवतोय." अशा माणसावर मी विश्वास ठेवते. चित्रकलेचे आणि खेळाचे शिक्षकही विचारा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसवायला, खेळाच्या गुणांचे प्रस्ताव वेळेत पाठवायला शाळेत कोणीतरी लागतंच.

माध्यम आणि भाषा

सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. सातवीपर्यंत पूर्ण मराठीत शिकलेल्या मुलाला आठवीत एकदम सेमीत टाकण्याआधी बालभारतीच्या संकेतस्थळावरून आठवीचं इंग्रजी विज्ञानाचं पुस्तक मोफत उतरवा आणि त्याच्यासोबत दोन पानं वाचा. अडला तर अडू दे, पण वाक्याचा अर्थ स्वतः लावतो का ते बघा. संस्कृत घ्यायचं असेल तर पूर्ण 100 गुणांचं आहे की हिंदीसोबत संयुक्त 50-50 चं, हे आधी विचारा. पुरेशी मुलं नसली तर काही शाळा तुकडीच काढत नाहीत.

प्रवेश झाला आणि मग कळलं, तर

नववीत "दाखला घेऊन जा" असं सांगितलं, तर तोंडी बोलण्यावर सही करू नका. दाखलाच मुळी पालकाच्या सहीच्या अर्जावर निघतो, आणि शाळेला हवी असते ती तीच सही. बहिणीने एक साधा अर्ज लिहिला: "माझ्या मुलाला शाळेतच ठेवावे, कमी पडणारे विषय व गुण लेखी कळवावेत." दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. शाळेने लेखी काहीच दिलं नाही. ती प्रत घेऊन आम्ही जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलो. भाचा त्याच शाळेत राहिला, दहावीला बसला आणि 58 टक्क्यांनी पास झाला.

मुलाला अध्ययन अक्षमता असल्याची शंका असेल तर तपासणी आठवीतच करून घ्या. जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो आणि प्रमाणपत्राला वेळ लागतो.

आणि प्रवेशाच्या आठवड्यातच जनरल रजिस्टरमधली (शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीतली) नोंद डोळ्यांनी बघा: नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात. आधीच्या शाळेच्या दाखल्याशी एकेक अक्षर जुळवा. चूक असेल तर मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते, आणि जात पडताळणीच्या वेळी पहिल्यांदा तेच रजिस्टर मागतात.