गेकोचे बहुमजली घर मुंबईत बांधताना या चुका टाळा

जागा कमी पडली की वर चढवायचे, ही मुंबईकराची जुनी सवय आहे. स्वयंपाकघरावर पोटमाळा काढणारा माणूस गेकोसाठी, म्हणजे पाळीव पालीसाठी, पेटी करायला बसला की तिच्यातही तीन मजले काढतो, आणि क्रेस्टेड गेकोच्या बाबतीत त्याचे काही चुकत नाही. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांच्या पावसाळी जंगलातला हा प्राणी झाडाझुडपांवर राहणारा, त्यामुळे त्याला जमिनीपेक्षा उंची अधिक उपयोगाची. चूक पुढे होते. ज्या व्हिडिओंवरून आपण पेटी आखतो ते बहुतेक थंड हवेच्या देशांतल्या, हीटरने तापवलेल्या कोरड्या घरांत तयार झालेले असतात. तिथे उष्णता आणि ओलावा पेटीत टिकवून धरणे कठीण असते. मुंबईत ती दोन्ही पेटीबाहेर घालवणे कठीण असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका, ज्यांत माझ्या स्वतःच्याही आहेत, हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच होतात.

आधी प्राणी, मग मजले

लेपर्ड गेको आणि क्रेस्टेड गेको यांना एकाच नकाशाचे घर चालत नाही. क्रेस्टेड गेकोच्या बोटांखाली काचेलाही चिकटणाऱ्या गाद्या असतात. लेपर्ड गेकोला त्या नसतात, नुसत्या नख्या असतात. तो खडकाळ, कोरड्या मुलखातला जमिनीवरचा प्राणी आहे. त्याला मजले आवडतात, पण ते खडबडीत उताराने जोडलेले आणि वीतभर उंचीपेक्षा जास्त नसलेले हवेत. त्याच्यासाठी उभ्या पेटीपेक्षा ९० सेंटिमीटर लांबीची आडवी पेटी केव्हाही बरी. शिवाय त्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, म्हणजे मुंबईच्या जुलैच्या नेमकी उलट. क्रेस्टेडसाठी ४५ बाय ४५ बाय ६० सेंटिमीटर हे एका प्रौढ प्राण्यापुरते माप रूढ आहे. दोन नर एका पेटीत ठेवू नयेत, मग मजले कितीही असोत.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या रानातला संरक्षित प्राणी उचलून घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेला परदेशी प्राणी बाळगायचा तर त्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विक्रेत्याकडून कागद न घेता प्राणी घेणे ही पेटी बांधण्याआधीच झालेली चूक होय.

भिंतीपासून भिंतीपर्यंत फळी

माझी पहिली पेटी दिसायला फार देखणी होती. तीन पूर्ण फळ्या, प्रत्येकीला गेकोपुरते एक गोल भोक, वर काचेचे झाकण आणि झाकणात हाताच्या पंजाएवढी जाळी. ती मी डिसेंबरात पूर्ण केली आणि फेब्रुवारीपर्यंत तिचे कौतुक ऐकले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तळमजल्यातून कुबट वास येऊ लागला, जुलैत फळ्यांच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरली आणि श्रावण लागण्याआधी मला ती पूर्ण उकलावी लागली.

कारण सरळ होते. पूर्ण फळी टाकली की एका पेटीच्या तीन बंद खोल्या होतात. उबदार, ओली हवा वर जाते, पण वर जायला वाट नसेल तर ती प्रत्येक फळीखाली साठते, आणि खालच्या मातीतला ओलावा सुकण्याचा प्रश्नच उरत नाही. वायुविजनासाठी दोन उघडी तोंडे लागतात: एक पुढच्या बाजूला, दाराखाली, पेटीच्या पूर्ण रुंदीची पट्टी, दुसरे संपूर्ण छत. वरून गरम हवा निघून जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते, म्हणजे जुन्या घरांच्या धुराड्यासारखे. ही चाल मधल्या फळ्यांनी तोडू नये. फळीने पेटीच्या तळाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापू नये, लागोपाठच्या फळ्या समोरासमोरच्या भिंतींना असाव्यात, आणि शक्य असेल तिथे फळीऐवजी जाड फांदी किंवा बुचाच्या सालीचा तुकडा लावावा. जाळी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. खिडक्यांना लावतात ती नायलॉनची जाळी गेकोला खायला सोडलेले किडे कुरतडतात आणि पळून जातात, आणि साध्या लोखंडी जाळीला इथल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंज चढतो.

फळ्यांबद्दल आणखी एक. गेकोला पाय टेकवायला काचेशिवाय दुसरे काही नसेल तर तो काचेवर डोके खाली करून झोपतो, आणि मग त्याची शेपटी पाठीवर किंवा बाजूला लोंबते. पाळणारे आणि पशुवैद्य या सवयीचा संबंध कमरेच्या हाडाच्या विकृतीशी जोडतात. वरच्या तिसऱ्या भागात त्याच्या अंगाएवढ्या जाडीच्या आडव्या-तिरक्या फांद्या आणि रुंद पानांचा दाट आडोसा असला की तो काच सोडतो. क्रेस्टेडची तुटलेली शेपटी पुन्हा उगवत नाही, हेही लक्षात असू द्यावे. बिजागरीच्या किंवा सरकत्या दाराच्या फटीत ती सापडू नये याची काळजी आखणीतच घ्यावी लागते.

दिवा आणि खिडकी

क्रेस्टेड गेकोला २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमान सोसते. २८ च्या वर तो फार काळ राहिला तर जिवावर बेतते. मुंबईत मे महिन्यात दुपारचा पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि रात्रीही २७ च्या आसपासच उतरतो. अशा शहरात पेटीच्या छतावर तापवण्याचा दिवा लावणे म्हणजे वरचा मजला, जिथे गेको दिवसभर झोपतो, तोच भट्टी करून ठेवणे. प्रकाशासाठी एलईडी वापरावा आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तापणारा वीजपुरवठ्याचा डबा, पेटीबाहेर ठेवावा. मंद यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी उपयोगी असते, पण ती काचेच्या झाकणावर ठेवून काहीही साधत नाही, कारण साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. ती जाळीवरच हवी.

पश्चिमेच्या खिडकीशेजारी पेटी ठेवणे ही याहून मोठी चूक. थेट उन्हात काचेची पेटी काही मिनिटांत तापते. उन्हाळ्यात खोलीला एसी लागणारच हे गृहीत धरून जागा ठरवावी, आणि ज्याला ते परवडणारे नाही त्याने क्रेस्टेडच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एसीचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो, कारण तो हवा कोरडीही करतो. वीज गेल्यास गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जाळीवर ठेवल्याने तास-दोन तास निभावतात.

प्लाय, सिलिकॉन आणि वजन

लाकडी पेटी करायची तर सुताराला मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला, असे नेमके सांगावे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, एका पावसाळ्यात फुगतो. मरीन प्लायच्याही कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर पाणी तिथूनच शिरते. आतून सर्व कडा बंद कराव्यात.

सांधे भरायचा सिलिकॉन न्हाणीघरासाठी मिळतो तो, बुरशीनाशक मिसळलेला, घेऊ नये. मत्स्यपेटीसाठीचा साधा, व्हिनेगरसारखा वास येणारा घ्यावा आणि तो वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे. हा सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच आवळतो, त्यामुळे पावसाळ्यात त्याचा वरचा थर लवकर धरतो आणि आपण फसतो; जाड सांध्याचे पोट मात्र दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच्या गतीने सुकत राहते.

वजनाचा हिशेब फार थोडे जण करतात. पाच मिलिमीटर काच दर चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, म्हणजे वरच्या मापाच्या पेटीची नुसती काच सुमारे १६ किलो. तळाला निचऱ्याचा थर आणि माती मिळून दहा सेंटिमीटर धरली तर २० लिटर होते, आणि भिजल्यावर ती २५ किलोंच्या आसपास जाते. फांद्या, कुंड्या धरून हे ओझे ४५ किलोंच्या पुढे सरकते. भिंतीला ठोकलेल्या फळीवर किंवा टीव्हीच्या स्टँडवर ते ठेवू नये.

फांद्या, रोपे आणि फवारे

पेरूची किंवा आंब्याची वाळलेली फांदी चांगली. कण्हेर, रुई आणि चाफा यांसारखी चिकाची किंवा विषारी झाडे नकोत. जुहूच्या किनाऱ्यावर वाहून आलेले लाकूड सुंदर दिसते, पण त्यात मीठ मुरलेले असते. बांबू दमट पेटीत आधी बुरशी धरतो. रोपवाटिकेतले मनीप्लांट थेट पेटीत न लावता मुळे धुऊन, खत नसलेल्या मातीत तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे, कारण त्यावर कोणता फवारा मारला होता हे सहसा विक्रेत्यालाही ठाऊक नसते.

क्रेस्टेडचे खाणे गोड असल्याने लाल मुंग्या हमखास येतात. त्यांच्यासाठी मुंग्यांचा खडू ओढू नये आणि झुरळांचा फवारा त्या खोलीत मारू नये. त्यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके सरपटणाऱ्या प्राण्यांना घातक ठरू शकतात, आणि डासांच्या लिक्विड मशीनमध्येही त्याच वर्गातली असतात. आजीच्या काळी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तोच उपाय इथे लागू पडतो. फक्त पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकावेत, नाहीतर डासांच्या अळ्या होतील आणि पालिकेचे कर्मचारी तपासणीला आले की ऐकून घ्यावे लागेल.

बिघाड ओळखताना

काचेवर सकाळी दव दिसणे ठीक. दुपारपर्यंत ते टिकले तर हवा खेळत नाही असे समजावे. अशा वेळी पाणी फवारणे कमी करण्याआधी खालची जाळी मातीने किंवा पानांनी बंद झाली आहे का ते पाहावे. पावसाळ्यात बिनएसीच्या खोलीत कित्येक दिवस फवारण्याची गरजच नसते. उलट बोटांवर जुनी कात अडकून राहत असेल तर रात्रीची आर्द्रता कमी पडते आहे, आणि हे मुंबईत बहुधा एसी रात्रभर चालतो त्या घरांत घडते. काचेवर पांढरे डाग पडत असतील तर ते टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे असतात. आरओचे पाणी वापरावे.

निदान करण्याआधी आर्द्रतेचा मीटर तपासावा. बाटलीच्या झाकणात साधे मीठ जेमतेम ओले करून ते मीटरसह हवाबंद डब्यात दहा-बारा तास ठेवले की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ६६ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी नऊ मिळवावेत. काट्याचे गोल मीटर घेऊच नयेत, आणि वरच्या व खालच्या मजल्यावर तापमानही दाखवणारे वेगळे डिजिटल मीटर ठेवावेत, कारण उंच पेटीत दोन्हीकडे सारखी हवा नसते.

गेको वरचे मजले सोडून दिवसाही मातीवर बसू लागला तर बहुतेक जण त्याला वरची रचना आवडली नाही असे समजून फांद्या हलवत बसतात. आधी वरच्या मीटरवरचा तापमानाचा आकडा पाहावा. तो २८ च्या पुढे असेल तर गेको थंडावा शोधतो आहे, आणि तोंड उघडे ठेवत असेल तर त्याला त्याच क्षणी थंड खोलीत हलवून पशुवैद्याला फोन करावा. नवी पेटी डिसेंबरात पूर्ण झाली तरी मी आता थंडीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाही. ती मे महिन्यात दोन आठवडे आणि जुलैत दोन आठवडे रिकामी, मातीपाण्यासकट चालवून दोन्ही मजल्यांचे सकाळ-दुपार-रात्रीचे आकडे वहीत उतरवतो, आणि गेको तोवर जुन्या पेटीतच राहतो.