ग्रिडवर बरोबर, कानाला उशिरा

कॉम्प्युटरवर, रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या आवाजांतून ऑर्केस्ट्रा उभा करताना मॉड व्हीलने (कीबोर्डवरचं चाक, मिडी कंट्रोल म्हणजे सीसी १) डायनॅमिक्स, म्हणजे वाजवण्यातला जोर, काढायचे, सीसी ११ ने एक्स्प्रेशन, म्हणजे आवाजाचा बारीक चढउतार, बासरीवाल्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची, हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझे आठ महिने भलत्याच गोष्टीत गेले.

माझ्या स्ट्रिंग्ज कायम मागे रेंगाळायच्या. नोट ग्रिडच्या (स्क्रीनवरच्या तालाच्या) रेषेवर, तरी ड्रम्सच्या मागून फरफटत आल्यासारखं. मी अजून क्वांटाइझ केलं (नोटा रेषेवर चिकटवल्या), अजून निर्जीव झालं. मग बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी जेवढा आवाज तयार करतो तो तुकडा, कमी केला (२५६ सॅम्पल म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला जेमतेम ६ मिलिसेकंद, त्याने काय होणार होतं कपाळ!). ज्यांच्याकडे शिकत होतो ते म्हणाले, हात कच्चा आहे, नाहीतर मोठी लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचा संच) घे. घेतली. उशीर अजून वाढला. शिकवणारा स्वतःचा प्रोजेक्ट उघडून दाखवत नसेल तर त्याचं ऐकू नका, हे माझं ठाम मत.

झालं होतं असं की, लेगाटो पॅचमध्ये (स्वर न तोडता जोडून वाजवायच्या आवाजात) एका स्वरावरून दुसऱ्यावर जातानाचा आवाजसुद्धा रेकॉर्ड केलेला असतो. आपण की दाबतो तेव्हा ते जाणं सुरू होतं, स्वर पोचतो नंतर. समजा २०० मिलिसेकंद लागले. १२० टेम्पोला बीट ५०० ची, तिचा चौथा भाग १२५, म्हणजे स्वर त्याहूनही मागे पडला! आणि हे सॉफ्टवेअर बरोबर चालत असतानाच होतं, म्हणून तर सापडत नाही.

ट्रॅक डिले (अख्खा ट्रॅक मागेपुढे सरकवणारं सेटिंग) उणे २०० करा, म्हणजे ट्रॅक तेवढे मिलिसेकंद आधी वाजेल. पण थांबा, स्पिकाटोचा (बो उडवत वाजवलेल्या तुटक स्वरांचा) उशीर वेगळा असतो, आणि कीस्विच (वाजवण्याची पद्धत बदलणारी की) लावून दोन्ही एकाच ट्रॅकवर ठेवले तर एक नक्की चुकणार, त्यामुळे सरळ वेगळे ट्रॅक करा, कीस्विचवाले नाकं मुरडतील, मुरडू देत. शिवाय फ्रेजच्या पहिल्या स्वराआधी दुसरा स्वरच नसतो, त्यामुळे तो आता लवकर येईल, त्याला हाताने उजवीकडे ओढा. बऱ्याच लायब्ररीत जलद वाजवलं की उशीर कमी होतो, तिथेही कानानेच. आकडा मॅन्युअलमध्ये नसेल तर क्लिकसोबत (मेट्रोनोमच्या टकटकीसोबत) बाउन्स करून, म्हणजे ऑडिओ फाइल काढून, वेव्हफॉर्ममध्ये मोजा, आवाज सुरू होतो तिथे नाही, स्वर स्थिरावतो तिथे.

कंटाळवाणं आहे, पण एका दुपारचं काम. जुना प्रोजेक्ट उघडून मी डिले बदलला, पहिले स्वर ओढले, बाकी काही नाही. हात एवढाही कच्चा नव्हता.