ग्रुपमध्ये ‘नाही’ म्हणण्याची तयारी

नाशिकच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यावर सहसा कोणी कोणाला धमकावत नाही. ‘चल ना, एवढं काय त्यात’ किंवा ‘भाव खाऊ नकोस’ एवढेच म्हटले जाते, आणि म्हणणारी मुलेही बहुधा वाईट नसतात; म्हणूनच नकार देणे अवघड होते. अशा वेळी मनाशी एक प्रश्न विचारावा: हीच गोष्ट या मित्राने एकट्याने, बाकी कोणी पाहत नसताना विचारली असती, तर मी हो म्हटले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्हाला पुढे ढकलणारी गोष्ट भोवतीची नजर आहे, एवढे ओळखावे.

या नजरेचा परिणाम मोजलाही गेला आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळात किशोरवयीन मुलांनी मित्र शेजारी असताना एकटे असतानाच्या सुमारे दुप्पट धोके पत्करले, तर प्रौढांच्या बाबतीत असा फरक जवळपास दिसला नाही. तेव्हा ग्रुपमध्ये उभे राहून नीट विचार करू, हा भरवसा या वयात फारसा धरू नये. कोणत्या गोष्टी करायच्या नाहीत हे घरी, शांतपणे, आधीच ठरवून ठेवावे.

पावसाळ्यातली सहल हे त्याचे नेहमीचे उदाहरण. क्लास बुडवून गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला किंवा दुगारवाडीच्या धबधब्याला जायचे, तेही ट्रिपल सीट, असा बेत ग्रुपवर ठरतो. अशा वेळी ‘जायचे की नाही’ या एकाच प्रश्नावर वाद घालण्यापेक्षा बेताचे तुकडे करावेत. रविवारी, घरी सांगून, बसने जायला हरकत नसेल तर तसे सुचवावे. मात्र पाण्यात उतरणार नाही आणि लायसन्स नसलेल्याच्या मागे बसणार नाही, हे निघण्यापूर्वीच सांगावे. पाण्याच्या काठावर पोहोचल्यावर हे सांगणे फार कठीण जाते. वरच्या बाजूला पाऊस झाला की दुगारवाडीच्या ओढ्याचे पाणी अचानक चढते, त्यामुळे त्यात उतरणे शौर्याशी जोडण्यात काहीच अर्थ नाही. परतीचे भाडे स्वतःच्या खिशात असावे, कारण ज्याच्या गाडीवर आपण आलो त्याच्याच मर्जीने परतावे लागत असेल, तर नकाराला फारसे बळ उरत नाही.

गाडीबाबत कायद्याचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. गिअरची दुचाकी चालवण्यासाठी 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन चालकाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘बाबांवर केस होईल, मी चालवणार नाही’ हे वाक्य खरे आहे आणि मित्रांनाही पटते.

नकाराचे वाक्य लहान असावे. टपरीवर सिगारेट पुढे केली गेली, तर ‘नको, मी घेत नाही’ एवढे पुरे. ‘आज घसा दुखतोय’ म्हटले की उद्याचे निमंत्रण आपणच देऊन ठेवतो. लांबलचक कारणे दिली की समोरचा एकेक कारण खोडून काढतो. मुलांना वादविवादाचा सराव शाळेतच झालेला असतो. पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य त्याच आवाजात म्हणावे आणि विषय बदलावा किंवा तिथून निघावे.

त्याहून उपयोगी तयारी म्हणजे एक सोबती. सॉलोमन ॲश यांनी 1951 मध्ये केलेल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखण्यासारख्या सोप्या कामातही बाकीचे सारे मुद्दाम चुकीचे उत्तर देत असताना अनेक जण त्यांच्या मागे गेले. परंतु गटात एक जण जरी खरे उत्तर देणारा असला, तरी हे प्रमाण फार खाली आले. म्हणून ग्रुपमधल्या ज्या मित्राला किंवा मैत्रिणीला आपल्यासारखेच वाटते, असा अंदाज आहे, त्याच्याशी किंवा तिच्याशी आधी एकांतात बोलावे. दुसरा कोणी ‘नको’ म्हणत असेल, तर आपणही लगेच ‘मलाही नको’ म्हणावे.

बूट, फोन आणि वाढदिवसाच्या पार्टीची वर्गणी यांबाबत आपली मर्यादा आकड्यात सांगावी: ‘मी दोनशे देऊ शकतो.’

घरी एक खुणेचा शब्द ठरवावा. तो मेसेज आला की आई, दादा किंवा मामा यांपैकी कोणीतरी फोन करून ‘लगेच घरी ये’ म्हणेल आणि त्या रात्री उलटतपासणी घेणार नाही. ही दुसरी अट पालकांना जड जाते. पण ती पाळली नाही, तर तो शब्द पुन्हा वापरला जाणार नाही.

थट्टेची जागा मारहाणीने, पैशांच्या मागणीने किंवा फोटो पसरवण्याच्या धमकीने घेतली, तर वरचे उपाय पुरेसे नाहीत. मेसेज पुसून टाकू नयेत, पैसे देऊ नयेत आणि त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावे. मुलांसाठी 1098 आणि मानसिक ताणासाठी टेली-मानसचा 14416 हे क्रमांक विनामूल्य आहेत. ऑनलाइन पैसे उकळले गेले असतील, तर 1930 वर तक्रार करावी.